घरातला परका : राज खोसला, ग. रा. कामत आणि चंद्रकांत काकोडकर

राज खोसला या हिंदी चित्रपटदिग्दर्शकाविषयी साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. काही वर्षांपूर्वी तो मलाही पडला असता, आणि त्याचे उत्तर मी नकारार्थीच दिले असते. तसे एकदा दिलेही आहे. एक विद्यार्थिनी पीएच.डी.च्या प्रस्तावाचे टिपण घेऊन माझ्याकडे आली होती. विषय होता चंद्रकांत काकोडकर यांच्या कादंबऱ्यांतील कुटुंबव्यवस्था. मी टिपण चाळले आणि तिला विचारले, यात समीक्षेला हाताशी धरण्यासारखे काय आहे? तिने थोडा वेळ उत्तर शोधले. मग ‘दुसरा विषय घेऊन येते, मॅडम’ असे म्हणून ती गेली. ती पुन्हा आली नाही.

माझा स्वतःचा प्रबंध नवकथेवर आहे. ‘सत्यकथे’चे जुने अंक एकेक करून वाचण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. त्या प्रबंधात ग. रा. कामत हे नाव येते. श्री. पु. भागवत यांच्या जोडीने ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांच्या संपादनात ज्यांचा वाटा होता, त्यांपैकी ते एक. त्यांच्याविषयी मी लिहिलेल्या मजकुराचा शेवट असा होता : पुढे ते चित्रपटसृष्टीकडे वळले. आपल्या वाङ्मयेतिहासात हे वाक्य अनेकांच्या वाट्याला आले आहे आणि त्यात एक शोकसूचक सूर असतो. माणूस गेला, एवढेच त्यातून कळते. कोठे गेला आणि तेथे त्याने काय केले, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नाही.

तो प्रश्न माझ्यापुढे आला तो आईमुळे. ती माझ्याकडे राहायला आली असताना एका दुपारी दूरचित्रवाणीवर ‘दो रास्ते’ लागला. मी तपासायच्या उत्तरपत्रिका घेऊन तिच्याजवळ बसले होते. श्रेयनामावली संपते न संपते तोच आई म्हणाली, “हे म्हणजे आपली ‘नीलांबरी’. मी आधी वाचली होती, मग पिक्चर बघितला.” आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयातून तिने आणलेली काकोडकरांची पुस्तके वर्तमानपत्राचे वेष्टण घालून घरात फिरत, हे मला अंधुक आठवते. वेष्टण पुस्तक खराब होऊ नये म्हणून घातलेले असते, अशी माझी समजूत होती. मी रात्री तो चित्रपट संगणकावर पुन्हा लावला आणि नुसती श्रेयनामावली पाहिली. कथा चंद्रकांत काकोडकर. पटकथा जी. आर. कामत. दिग्दर्शन राज खोसला. माझ्या प्रबंधात पहिल्या दोन नावांना एका प्रकरणात बसवण्याची कल्पनाच मला सुचली नसती. येथे ती एकाखाली एक निमूटपणे बसली होती.

काकोडकरांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या विद्यार्थ्याला ते नाव ठाऊक असण्याचा संभव कमी. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयात सुटका, उच्च न्यायालयात दोषी, असा प्रवास करीत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ऑगस्ट १९६९ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. त्या निकालपत्राचा आशय आपल्या समीक्षकांनी मुळातून पाहावा असा आहे. कथेची वाङ्मयीन प्रत उच्च नसेल, ती कोठे अपरिपक्व आणि अभिरुचिहीनही असेल, परंतु म्हणून ती अश्लील ठरत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. गुणवत्तेचा प्रश्न आणि गुन्ह्याचा प्रश्न न्यायाधीशांनी एकमेकांपासून वेगळे केले. आपण मात्र सामान्य प्रतीचे लिहिणे हाच गुन्हा मानला आणि शिक्षा म्हणून त्या लेखकाचे नाव उच्चारायचे नाही असे ठरवले. निकालानंतर चार महिन्यांच्या आत, डिसेंबर १९६९ मध्ये, ‘दो रास्ते’ प्रदर्शित झाला.

राज खोसला यांचा जन्म ३१ मे १९२५ रोजी पंजाबातील राहों येथे झाला. शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतलेला हा तरुण गायक व्हायला मुंबईत होता. आकाशवाणीवर काही काळ काढल्यानंतर देव आनंद यांच्या ओळखीने तो गुरुदत्त यांचा सहायक झाला. ‘मिलाप’ (१९५५) हा त्यांचा पहिला चित्रपट. वर्षभरात गुरुदत्त यांनीच निर्मिलेला ‘सी. आय. डी.’ आला आणि त्यातून वहीदा रहमान हिंदी पडद्यावर आली. १९९१ च्या जूनमध्ये खोसला वारले, तोवर त्यांच्या नावावर पंचविसाच्या आसपास चित्रपट होते. त्यांत गुन्हेगारीपट होते, भूतकथेचा भास निर्माण करणारे रहस्यपट होते, कौटुंबिक भावनाट्ये होती, डाकूपट होते. हे वैविध्यच त्यांच्या मुळावर आले. दिग्दर्शकाची मुद्रा शोधणारी जी समीक्षापद्धती आपण फ्रान्सकडून उचलली, तिला एकाच प्रश्नाचा ध्यास घेतलेला कलावंत लागतो. गुरुदत्त तिच्यात चपखल बसतात. खोसला ‘गुरुदत्त यांचे शिष्य’ म्हणून तळटीपेत बसतात.

मला वाटते, ध्यास येथेही आहे. तो चित्रपटाच्या प्रकारात शोधण्याऐवजी घराच्या उंबरठ्यावर शोधायला हवा. खोसला यांच्या चांगल्या चित्रपटांत जवळजवळ प्रत्येक वेळी घरात एक असे माणूस असते, की जे या घरचे आहे की नाही याचा निर्णय होत नाही. ‘काला पानी’त (१९५८) मेला म्हणून सांगितलेला बाप तुरुंगात जिवंत निघतो. ‘बम्बई का बाबू’मध्ये (१९६०) हातून खून झालेला पळपुटा एका घरात हरवलेला मुलगा म्हणून शिरतो आणि त्या घरातल्या मुलीच्या, म्हणजे नात्याने बहिणीच्या, प्रेमात पडतो. आपल्या हातून मेला तोच या घरचा खरा मुलगा, हे त्याला मागाहून कळते. मुलीची पाठवणी होते आणि नायकाला भावाच्या भूमिकेत उभे राहून ती पाहावी लागते. राजिंदरसिंह बेदींचे संवाद असलेला हा चित्रपट १९६० च्या प्रेक्षकाला फारसा रुचला नाही, यात नवल नाही. भाऊ-बहिणीच्या नात्याच्या इतक्या जवळून प्रेमकथा नेण्याचे धाडस त्या काळच्या नवकथेनेही क्वचितच केले असेल.

‘वह कौन थी?’मध्ये (१९६४) पावसाच्या रात्री रस्त्यात उभी असलेली पांढऱ्या साडीतली स्त्री डॉक्टरच्या मोटारीत बसते आणि कब्रस्तानाच्या फाटकाशी उतरते. पुढे आईने ठरवलेल्या मुलीशी त्याचे लग्न होते. तो पहिल्या रात्री पदर दूर करतो तर तोच चेहरा. या दृश्याला आपण भयदृश्य म्हणतो. थोडा विचार केला तर ती ठरवून केलेल्या लग्नाची अगदी नेहमीची परिस्थिती आहे : घरात आणलेली ही बाई कोण, हे नवऱ्याला ठाऊक नाही. चित्रपटाच्या शेवटी जुळ्या बहिणीचा आणि वारसाहक्कासाठी रचलेल्या कटाचा जो उलगडा होतो, तो सामान्य आहे, हे मान्य करायला हवे. खोसला यांचे उलगडे बहुधा सामान्यच असतात.

‘मेरा साया’पाशी (१९६६) मात्र मराठीच्या अभ्यासकाला अधिक काळ थांबणे भाग आहे. हा चित्रपट राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’चा (१९६४) हिंदी अवतार, आणि ‘पाठलाग’ जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला. हिंदी पटकथा कामतांची. १९५२ मध्ये ‘लाखाची गोष्ट’ परांजपे यांना देणारे कामत चौदा वर्षांनी परांजप्यांच्याच चित्रपटाला हिंदीत नेत होते. कथावस्तू सर्वपरिचित आहे. वकिलाची पत्नी त्याच्या मांडीवर प्राण सोडते. काही काळाने डाकूंच्या टोळीबरोबर पकडलेली, तंतोतंत तिच्या चेहऱ्याची स्त्री आपणच त्याची पत्नी असल्याचे न्यायालयात सांगू लागते. नवरा तिची उलटतपासणी घेतो. ती त्या दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी भर न्यायालयात सांगते, आणि तरीही ती खोटी आहे असे सिद्ध करण्याचा त्याचा आग्रह वाढतच जातो. अखेरीस ती खरी निघते. मेली होती ती तिची जुळी बहीण.

मराठीतल्या मध्यमवर्गीय वकिलाचा हिंदीत ठाकूर झाला, त्याचे घर उदयपूरच्या वैभवात गेले, ही हानी आहेच. ‘पाठलाग’मध्ये वकिलाची अब्रू पणाला लागते तेव्हा आपल्याला शेजारपाजार दिसतो, ‘मेरा साया’त नुसती दालने दिसतात. गदिमांच्या शब्दांना आणि दत्ता डावजेकरांच्या चालीला ‘पाठलाग’मध्ये जी घरगुती हुरहुर आहे, तिच्या जागी मदनमोहन यांची भव्य विराणी येते. परंतु खोसला यांनी एक गोष्ट अशी केली की जिच्यामुळे मला हिंदी चित्रपट अधिक अस्वस्थ करतो. त्यांनी नवऱ्याचा शोक इतका दीर्घ, इतका सुरेल आणि इतका सुंदर केला, की त्या शोकावर त्याची मालकी तयार होते. मेलेली पत्नी त्याला पूर्णपणे मिळालेली आहे. जिवंत पत्नी समोर पिंजऱ्यात उभी राहते तेव्हा ती या शोकाला अडथळा ठरते. सुनील दत्त उलटतपासणीत जो संताप दाखवतो, तो फसवणुकीविरुद्धचा आहे असे पात्राला वाटते. आपल्याला तसे वाटत नाही. हा अर्थ संवादात कोठेही नाही. संवाद लिहिणारे अख्तर-उल-ईमान हे उर्दूतले मोठे कवी, त्यांनी तो बोलून दाखवला नाही हे बरेच झाले. तो घडतो गाण्याचा आणि न्यायालयाचा क्रम लावण्यातून, म्हणजेच दिग्दर्शनातून.

गाण्याविषयी येथेच सांगून टाकते. खोसला स्वतः गायक व्हायला निघालेले असल्यामुळे असेल, त्यांच्या चित्रपटात गाणे म्हणजे कथेतली विश्रांती नसते. ‘सी. आय. डी.’मध्ये वहीदा खलनायकासमोर नाचते ती नायकाला निसटायला वेळ मिळावा म्हणून. ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये (१९७१) नायक डाकूंच्या तळावर जखडलेला आहे आणि लक्ष्मी छाया त्याच्याभोवती नाचते, त्याचे काय करायचे हाच गाण्याचा विषय, आणि आपले लक्ष ठेक्यावर नसून दोरावर असते. संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या मंडळींनी खरे तर हे सर्वांत आधी ओळखायला हवे होते.

आता ‘दो रास्ते’. सावत्र थोरला भाऊ (बलराज साहनी) कारकुनीत खस्ता खाऊन भावंडांना शिकवतो. मधला (प्रेम चोप्रा) श्रीमंताची मुलगी करून आणतो आणि घर दुभंगते. धाकटा (राजेश खन्ना) थोरल्याच्या बाजूने उभा राहतो. कथा म्हणून हे नवीन नाही, मराठी रंगभूमीनेही असली घरे शेकड्यांनी फोडली आणि जोडली आहेत. राजेश खन्नाच्या लोकप्रियतेच्या लाटेत तो चित्रपट तुफान चालला, आणि त्या लाटेमुळेच त्यातले मुख्य नाते झाकले गेले. ते नाते प्रेमी युगुलाचे नाही. सावत्रपणा असताना ‘आपला’ ठरलेला भाऊ आणि सख्खा असून परका झालेला भाऊ यांच्यामधली ही रेघ आहे. खोसला ती घराच्या मांडणीतून काढतात : कोण कोठे बसतो, ताटे कोणासमोर येतात, मधल्या सुनेच्या खोलीचे दार केव्हा बंद असते. या बारकाव्यांत मला कामत दिसतात. नवकथेने मराठी वाचकाला जे शिकवले, ते हेच ना, की घटनेपेक्षा वस्तूंची जागा अधिक सांगते? हे शिक्षण ‘सत्यकथे’च्या पानांतून निघून काकोडकरांच्या कथेत मिसळले आणि पंजाबी दिग्दर्शकाच्या हाताने देशभरच्या चित्रपटगृहांत पोहोचले. ‘पुढे ते चित्रपटसृष्टीकडे वळले’ या वाक्यात हे सारे मी गाडून टाकले होते.

चित्रपटाच्या विचारसरणीचे समर्थन मी करणार नाही. शिकलेली, पैसेवाली सून म्हणजे घरफोडी, हे समीकरण त्यात ठसठशीत आहे. त्याविषयी मी आईला थोडे ऐकवलेही. तिने टी.व्ही.वरची नजर न काढता विचारले, “बिंदू जे बोलते त्यात खोटं काय आहे? वेगळी खोली मागितली तिनं. मला मागता आली नाही.” लोकप्रिय कृतीचा वाचक तिच्या बोधाला मान डोलावतो आणि मनातून दुसऱ्याच पात्राच्या शेजारी जाऊन बसतो, हे मी वर्गात अनेकदा परदेशी अभ्यासकांच्या हवाल्याने शिकवले होते. त्यासाठी इतक्या लांब जायला नको होते.

‘मैं तुलसी तेरे आँगन की’ (१९७८) पुन्हा काकोडकरांच्याच कादंबरीवर, ‘अशी तुझी प्रीत’वर. ठाकुराचे प्रेम तुलसी या तवायफेवर, लग्न आईच्या आग्रहाने संयुक्ताशी. तुलसी स्वतःला संपवते आणि तिचा मुलगा अजय संयुक्ताच्या वाट्याला येतो. शीर्षकातच उपरोध आहे : तुळस अंगणात पुजली जाते, घरात येत नाही. सवतीच्या, जगाने अनौरस ठरवलेल्या मुलाला घरात जागा मिळवून देण्यासाठी संयुक्ता पोटच्या मुलाचा रोष पत्करते. नूतनने हे काम करताना मातृत्वाचा उमाळा कटाक्षाने टाळला आहे. ती हिशेब चुकता करणाऱ्या बाईसारखी ताठ उभी असते. संवाद ‘आधा गाँव’ लिहिणाऱ्या राही मासूम रज़ा यांचे होते आणि त्यांना त्यासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. नूतनलाही मिळाले आणि चित्रपटालाही. बेदी, अख्तर-उल-ईमान, राही, कामत : एवढे लेखक ज्याच्याभोवती जमले त्या माणसाला व्यावसायिक म्हणून बाजूला सारताना आपण ‘व्यावसायिक’ या शब्दाचा नेमका काय अर्थ करत होतो, हे मला आता सांगता येत नाही.

‘मेरा गाँव मेरा देश’ची चर्चा ‘शोले’मुळे पुष्कळ झाली आहे. जब्बरसिंग आणि गब्बरसिंग, गावात आणलेला भुरटा चोर, हात गमावलेला वडीलधारा : साम्ये उघड आहेत. कामतांच्या त्या कथेनंतर चार वर्षांनी ‘शोले’ आला, आणि त्यानंतर पाच वर्षांनी खोसला यांनी सलीम-जावेद यांच्याच पटकथेवर ‘दोस्ताना’ (१९८०) केला. कोणी कोणाचे किती घेतले याचा वाद मला निष्फळ वाटतो. पुढच्या दशकातले ‘दासी’, ‘सनी’, ‘नकाब’ हे चित्रपट आवर्जून पाहावेत असे मी कोणाला सांगणार नाही. त्यांत घर उरते, त्यातला परका माणूस हरवतो.

२०२५ मध्ये खोसला यांची जन्मशताब्दी झाली. मुंबईत त्यांचे निवडक चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवले गेले, त्यांचे इंग्रजी चरित्रही आता उपलब्ध आहे. हिंदी चित्रपटाच्या अभ्यासकांनी आपल्याकडून परतफेड सुरू केली आहे. मराठीच्या बाजूने मात्र ती व्हायची आहे. २०१५ मध्ये कामत गेले तेव्हा मृत्युलेखांत ‘सत्यकथा’ आणि ‘मेरा साया’ ही नावे स्वल्पविरामाने जोडली गेली. त्या स्वल्पविरामाच्या जागी काय घडले, एका अभिरुचीच्या केंद्रात घडलेला माणूस त्या अभिरुचीने बहिष्कृत केलेल्या लेखकाच्या कथा वाचतो, त्यांत काही पाहतो, आणि ते दिसण्यासाठी त्याला हिंदी चित्रपटाच्या आश्रयाला जावे लागते, याचा अभ्यास आपल्या विभागांनी करायला हवा. काकोडकर मोठे कादंबरीकार होते असे मला म्हणायचे नाही. ‘नीलांबरी’ मी अद्याप वाचलेली नाही; आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी शोधली तेव्हा ती सापडली नाही.

मध्यंतरी मी त्या विद्यार्थिनीचा शोध काढला. ती एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दूरध्वनीवर मी तिला म्हटले की तो विषय अजून करायचा असेल तर माझी तयारी आहे, जुने टिपण पाठवून दे. ती थोडी थांबली आणि म्हणाली, “मॅडम, टिपणाची एकच प्रत होती. ती त्या दिवशी तुमच्या टेबलावरच राहिली.” कपाटातले दोन कप्पे पाहून झाले आहेत. तिसऱ्यात माझ्या प्रबंधाच्या प्रती आहेत, त्या आधी बाहेर काढाव्या लागतील.